माहो, तुडतुडा आणि मोबाइलचा पडदा

दसरा-दिवाळीच्या सुमारास भिलाईत संध्याकाळचे दिवे लागले, की त्यांच्याभोवती बारीक हिरवट कीटकांचे ढग जमू लागतात. दुचाकीस्वार डोळ्यांवर चष्मा चढवतात, दुकानदार दर्शनी दिवा मालवतात, घराघरांतील खिडक्या लवकर मिटतात. स्थानिक लोक या कीटकांना ‘माहो’ म्हणतात. शहराच्या चहूबाजूंनी पसरलेल्या धानशेतीतून ते येतात. धान पक्व होऊ लागले, त्यातील कोवळा रस आटला, की प्रकाशाच्या ओढीने ते वस्तीत शिरतात. खोलीतील दिवा बंद करून मोबाइलवर अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याच्या पडद्यावरही त्यांतील एखादा येऊन बसतो. तो बोटाने बाजूला सारला जातो आणि वाचन पुढे चालू राहते. विद्यार्थी कृषी पदवीचा असेल, तर त्या पडद्यावर भात पिकावरील किडींचेच प्रकरण उघडलेले असण्याचा संभव पुष्कळ.

भिलाईची ओळख पोलादाची. सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झालेल्या करारान्वये येथील कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पुढे कारखान्याच्या आश्रयाने शाळा, महाविद्यालये आणि शिकवणीवर्ग वाढत गेले. आज छत्तीसगड स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठ आणि २०१६ मध्ये स्थापन झालेली भारतीय प्रौद्योगिकी संस्था या परिसरात आहेत. जोडशहर दुर्गलगत अंजोरा येथे पशुवैद्यकाचे कामधेनू विद्यापीठ आहे आणि पूर्वेला रायपूर येथे इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय आहे. मात्र कारखान्याच्या धुराड्यांकडे पाठ केली, की लगेच धानाच्या बांध्या सुरू होतात. दुर्ग, बालोद, राजनांदगाव असे करत हा पट्टा पश्चिमेकडे सरकतो आणि राज्याची सीमा ओलांडून गोंदिया, भंडारा, गडचिरोलीत उतरतो. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख एकाच प्रांतात होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. राज्ये वेगळी झाली. धान, त्यावरील किडी आणि गोंदिया-दुर्ग लोहमार्गावरून शिक्षणासाठी होणारी ये-जा तशीच राहिली. म्हणूनच भिलाई परिसरातील विद्यार्थी मोबाइलच्या साहाय्याने काय आणि कसे शिकतात, हा विषय महाराष्ट्रातील धानपट्ट्यालाही तितकाच जवळचा आहे.

हातात मोबाइल कसा आला

विकसनशील देशांतील उच्च शिक्षणात मोबाइलचा शिरकाव संगणकाच्या अभावातून झाला. दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया विद्यापीठाने २००२ मध्ये ग्रामीण भागातील दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना लघुसंदेश पाठविण्यास प्रारंभ केला. त्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांकडे साधा मोबाइल होता. संगणक आणि इंटरनेट फारच थोड्यांकडे. आपल्याकडची स्थितीही याहून निराळी नव्हती. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता आणि सुमारे १५ टक्के कुटुंबांना इंटरनेटची सोय होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन डेटा स्वस्त झाला आणि ग्रंथालयात एकच प्रत असलेले पुस्तक रांगेत उभे राहून छायांकित करून घेणारा विद्यार्थी ते मोबाइलवर उतरवून घेऊ लागला.

छत्तीसगडने या बाबतीत एक पाऊल पुढे टाकले होते. राज्य शासनाच्या संचार क्रांती योजनेत २०१८ मध्ये ग्रामीण व गरीब कुटुंबांतील महिलांना आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोफत स्मार्टफोन देण्यास सुरुवात झाली. उद्दिष्ट सुमारे ५० लाख फोनांचे होते. त्याच वर्षाच्या अखेरीस सत्तांतर झाले आणि वाटप थांबले. शासकीय योजनांच्या वाट्याला असे प्रसंग येतातच. तरीही इतक्या मोठ्या प्रमाणावर फोन वाटताना त्यावर विद्यार्थी नेमके काय वाचणार, कोणत्या भाषेत वाचणार आणि वाचलेले शेतात कसे पडताळणार, याचा विचार उपकरणाच्या निवडीइतक्या बारकाईने व्हायला हवा होता, असे म्हणणे भाग आहे.

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात राज्याने ‘पढई तुंहर दुआर’, म्हणजे ‘शिक्षण तुमच्या दारी’, हा ऑनलाइन उपक्रम सुरू केला. जिथे इंटरनेट पोहोचत नव्हते तिथे त्याला एक लक्षणीय जोड मिळाली. तिचे नाव ‘बुलटू के बोल’. ब्लूटूथला ग्रामीण छत्तीसगडी उच्चारात ‘बुलटू’ म्हणतात. शालेय पाठ ध्वनिमुद्रित करायचे आणि ते आठवडी बाजारासारख्या ठिकाणी साध्या कळफलकाच्या फोनवरसुद्धा ब्लूटूथने एकमेकांना द्यायचे, अशी ही रीत. डेटा लागत नाही, मनोरा लागत नाही, महागडा फोनही लागत नाही. उपक्रम शालेय मुलांसाठी होता, परंतु कृषी शिक्षणातील विस्तार विषयाच्या विद्यार्थ्याने त्याचा स्वतंत्र अभ्यास करावा इतका तो मोलाचा आहे. बियाणे जसे एका घरातून दुसऱ्या घरात जाते, तसा पाठ एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये गेला.

एकच नाव, अनेक कीटक

पीकसंरक्षणाच्या अभ्यासात मोबाइल हाती घेतलेल्या विद्यार्थ्याची पहिली अडचण नावाची असते. भिलाईच्या दिव्यांवर येणारा माहो बहुतांशी हिरवा तुडतुडा, म्हणजे नेफोटेटिक्स प्रजातीतील कीटक असतो. छत्तीसगडमधील शेतकरी त्याला हरा माहो म्हणतो. धान जाळणारा तपकिरी तुडतुडा (निलापर्वता लुगेन्स) हा भूरा माहो. पांढऱ्या पाठीचा तुडतुडाही (सोगाटेला फर्सिफेरा) माहोच. तिघांच्या राहणीत फरक आहे. हिरवा तुडतुडा पानांवर राहतो आणि टुंग्रो या विषाणुजन्य रोगाचा प्रसार करतो. तपकिरी तुडतुडा चुडाच्या बुडाशी, पाण्याच्या पातळीच्या किंचित वर ठाण मांडून रस शोषतो आणि शेतात वाळलेल्या पिकाचे गोलाकार खळगे पाडतो.

विद्यार्थी गावात जातो, शेतकरी ‘माहो लागला’ असे सांगतो आणि विद्यार्थी तो शब्द मोबाइलवर शोधतो. हिंदीत माहू या शब्दाचा सर्वत्र रूढ अर्थ मोहरीवरील मावा असा आहे. साहजिकच पडद्यावर मोहरीवरील माव्याची माहिती येते आणि सोबत त्याचे औषधही. सीमेच्या अलीकडे हीच गल्लत मराठीत होते. भंडारा-गोंदियात धानावरील किडीविषयी बोलताना ‘मावा-तुडतुडा’ हा जोडशब्द सर्रास वापरला जातो. शास्त्रीय मराठीत मावा हा कीटक अगदी वेगळा. गंगई म्हणजे आपली गादमाशी, बंकी म्हणजे सुरळीतील अळी, चितरी म्हणजे पाने गुंडाळणारी अळी, ही समीकरणे गावातील वयस्क शेतकऱ्याला तोंडपाठ असतात. शोधयंत्राला ती ठाऊक असतीलच असे नाही आणि इंग्रजी पुस्तकातून शिकलेल्या विद्यार्थ्यालाही ती कुणी सांगितलेली नसतात.

येथे इंग्रजी किंवा लॅटिन नावांचा आग्रह धरून भागत नाही, कारण शेतकऱ्याचा प्रश्न त्याच्या बोलीतूनच येणार. विद्यार्थ्यांच्या ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रमात, म्हणजे ‘रावे’त, प्रत्येक गटाने आपल्या गावातील किडींची बोलीनावे, त्यांची शास्त्रीय नावे आणि स्वतः टिपलेली छायाचित्रे यांचा लहानसा कोश तयार केला, तर दोन-तीन हंगामांत एखाद्या जिल्ह्याचा विश्वसनीय शब्दसंग्रह हाती येईल. त्यासाठी मोबाइलमधील ध्वनिमुद्रक आणि कॅमेरा एवढी दोनच साधने पुरतात. छत्तीसगडी, गोंडी, हलबी आणि झाडीबोली या भाषांमधील कीटकनामे संग्रहित करण्याचे काम विद्यार्थ्यांइतक्या मोठ्या संख्येने आणि इतक्या गावांत दुसरे कुणी करू शकणार नाही.

कॅमेऱ्याला न दिसणारे

दुसरी अडचण छायाचित्राची. विद्यार्थी बांधावर उभा राहून पिकाचे छायाचित्र घेतो, ते ओळखयंत्रणेला किंवा गटावर पाठवितो आणि उत्तराची वाट पाहतो. तपकिरी तुडतुड्याच्या बाबतीत या छायाचित्रात कीड नसतेच. ती चुडाच्या बुडाशी सावलीत बसलेली असते. तिला पाहायचे तर चिखलात उतरून, चूड दोन्ही हातांनी फाकवून, हलकेच थोपटून पाण्यावर पडणारे तुडतुडे मोजावे लागतात. व्यवस्थापनाचा निर्णय चुडामागे किती तुडतुडे आहेत यावर अवलंबून असतो. साधारणतः चुडामागे १० तुडतुडे ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. पिवळ्या पडलेल्या पिकाचे छायाचित्र ही संख्या सांगत नाही. तेच पिवळेपण नत्राच्या कमतरतेने येते, पाणी साचल्यानेही येते.

बुडाशी गेलेल्या कॅमेऱ्यापुढेही एक पेच असतो. तुडतुड्यांच्या वसाहतीतच हिरवट रंगाचा, काळ्या खुणा असलेला एक चपळ ढेकूण हिंडत असतो. हा मिरिड ढेकूण, सायर्टोऱ्हिनस लिव्हिडिपेनिस. तो तुडतुड्यांची अंडी आणि पिल्ले शोषून खातो. त्याच्याच शेजारी लांडगा-कोळी पाण्यावरून धावत तुडतुडे पकडतो. घाईने काढलेल्या, किंचित अस्पष्ट छायाचित्रात मिरिड आणि तुडतुडा यांची गफलत होणे अगदी सहज शक्य आहे. शेतात मिरिड भरपूर आहेत ही वार्ता वस्तुतः फवारणी टाळण्याचे कारण असते. तीच वार्ता ‘कीड भरपूर आहे’ अशी वाचली गेली, तर फवारणी होते आणि सर्वांत आधी मिरिड व कोळी मरतात.

याचे परिणाम कीटकशास्त्रात पुरेसे नोंदले गेले आहेत. तपकिरी तुडतुडा आपली अंडी पानाच्या आवरणाच्या आत घालतो, त्यामुळे ती फवाऱ्यापासून बचावतात. पिल्ले बाहेर येतात तेव्हा त्यांना खाणारे कुणी उरलेले नसते. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशकांच्या वापरानंतर या किडीचा पुनरुद्रेक होतो, हे भातशेतीतील जुने, वारंवार सिद्ध झालेले निरीक्षण आहे. इंडोनेशियाने त्याची फार मोठी किंमत मोजली. तेथील सरकारने अखेर १९८६ मध्ये भातावरील ५७ कीटकनाशकांच्या वापरावर बंदी घातली आणि १९८९ पासून शेतीशाळांचा मार्ग धरला. त्या शेतीशाळांतील एक पद्धत आजच्या मोबाइलधारी विद्यार्थ्याने मुद्दाम लक्षात घ्यावी. शेतकरी सकाळी शेतात जाऊन चुडांचे निरीक्षण करीत आणि परत येऊन मोठ्या कागदावर धानाचे रोप काढीत. एका बाजूला किडी, दुसऱ्या बाजूला मित्रकीटक, प्रत्येकाची संख्या, पाण्याची पातळी, वरती सूर्य किंवा ढग. चित्र सुबक नसे. पण ते काढण्यासाठी तुडतुडा रोपावर नेमका कुठे बसला होता, हे आठवावे लागे. छायाचित्र काढताना ते आठवावे लागत नाही.

गादमाशीच्या बाबतीत छायाचित्र आणखी एका कारणाने अपुरे पडते. डासासारखी दिसणारी ही लालसर माशी रात्री हिंडते. तिची अळी पोंग्यात शिरून वाढबिंदूपाशी राहते आणि फुटव्याची कांद्याच्या पातीसारखी पोकळ नळी होते. हाच चंदेरी पोंगा. तो डोळ्यांत भरतो, म्हणून विद्यार्थ्याच्या मोबाइलमध्ये त्याची छायाचित्रे हमखास सापडतात. परंतु पोंगा पूर्ण लांबला आणि त्याच्या टोकाशी कोषाचे पांढरे कवच अडकलेले दिसले, म्हणजे माशी केव्हाच उडून गेलेली असते. त्या फुटव्याला लोंबी येणार नाही आणि त्यावर औषध फवारून काही साधणार नाही. अशा छायाचित्रावरून ‘गादमाशी’ हे उत्तर अचूक मिळते, पण सल्ल्यासाठी आवश्यक असलेला काळ त्यात नसतो. पोंगा चिरून आत अळी आहे, कोष आहे की परोपजीवी प्लॅटिगॅस्टरची पिल्ले आहेत, हे पाहणाऱ्या विद्यार्थ्यालाच पुढच्या पिढीविषयी काही सांगता येते.

याच माशीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि ती कोणत्याही कॅमेऱ्याला कधीच दिसणार नाही. गादमाशीचे भारतात अनेक जैवप्रकार आहेत. रायपूर भागातील माशीची नोंद जैवप्रकार १ अशी आहे. भंडाऱ्याची नोंद आंध्रच्या श्रीकाकुलमप्रमाणे जैवप्रकार ४ अशी. दिसायला दोन्ही सारख्याच. परंतु डब्ल्यू १२६३ आणि फाल्गुना या प्रतिकारक वाणांच्या गटांनी जैवप्रकार १ ला दाद दिली नाही, तर जैवप्रकार ४ त्या दोन्हींवर वाढला. प्रतिकारक्षम वाण म्हणून दुर्गच्या गटावर फिरलेला संदेश काही सेकंदांत देवरी-साकोलीच्या गटावर येतो. त्यात असत्य काही नसते. तो ज्या शेतासाठी लिहिला होता, ते शेत मात्र वेगळे असते. संदेशावर गाव, हंगाम आणि लिहिणाऱ्या संस्थेचे नाव नसेल, तर तो पुढे पाठवू नये, एवढी शिस्त कृषी विद्यार्थ्याला पहिल्याच सत्रात लावता येईल. परदेशी उपयोजकांवर दिसणाऱ्या कीटकनाशकांच्या बाबतीतही हेच. आपल्या देशात त्या पिकासाठी नोंदणी नसलेले रसायन किंवा वेगळ्या तीव्रतेच्या उत्पादनाची मात्रा पडद्यावर सहज येते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधा आणि मृत्यू ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना मात्रेतील चुकीचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मोबाइल खरोखर कुठे कामी येतो

हे सर्व लिहिले म्हणजे मोबाइल खिशात ठेवावा, असा अर्थ कुणी काढू नये. कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून उपयुक्त साधन स्वस्तात मिळालेले नाही. कीटकसंग्रहाच्या पेटीत टाचणीला लावलेल्या नमुन्याखाली स्थळ, दिनांक, यजमान वनस्पती आणि संग्राहकाचे नाव लिहिलेली चिठ्ठी नसेल, तर तो नमुना शास्त्राच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतो. आणि विद्यार्थ्यांच्या पेट्यांत नेमकी हीच चिठ्ठी अपुरी असते. मोबाइलचे छायाचित्र दिनांक, वेळ आणि भौगोलिक स्थान आपोआप नोंदवते. भिंगाची छोटी चिमटी लावली तर तुडतुड्याच्या पंखावरील ठिपके दिसतात. पुठ्ठ्याच्या घडीचा फोल्डस्कोप हा सूक्ष्मदर्शक, जो मनु प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित केला, मोबाइलला जोडून अंड्यांवरील परोपजीवींचे निरीक्षण गावातच करता येते. फुलपाखरांसारख्या गटांत तर छायाचित्रावरून ओळख पटविणाऱ्या भारतीय संकेतस्थळांचा दर्जा उत्तम आहे. गादमाशी किंवा तुडतुड्यांच्या जवळच्या जातींत मात्र अखेरचा निर्णय नमुन्याचे विच्छेदन करूनच द्यावा लागतो. म्हणून नमुना आणि छायाचित्र यांपैकी एकाची निवड करण्याचे कारण नाही. दोन्हींना एकच क्रमांक द्यावा.

जाळ्याबाहेरच्या, म्हणजे नेटवर्क नसलेल्या शेतासाठीही मार्ग निघत आहेत. पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या पुढाकाराने आफ्रिकेतील शेतकऱ्यांसाठी तयार झालेले ‘नुरु’ हे उपयोजक कसाव्याचे रोग आणि मक्यावरील लष्करी अळीचे नुकसान इंटरनेटशिवाय, फोनमध्येच ओळखते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने त्याचा वापर लष्करी अळीच्या संनियंत्रणात केला. आपल्याकडे केंद्र सरकारची राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली १५ ऑगस्ट २०२४ रोजी सुरू झाली असून तीही छायाचित्रावरून ओळख देते. अशा प्रणाली जितक्या स्थानिक छायाचित्रांवर घडतील तितक्या त्या सुधारतील, आणि ती छायाचित्रे पुरविण्याचे काम विद्यार्थी उत्तम करू शकतात.

सर्वेक्षणाच्या बाबतीत महाराष्ट्राचा अनुभव येथे सांगण्यासारखा आहे. २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९ पासून क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प राज्यात राबविला जात आहे; धानही त्यात समाविष्ट आहे. ठरलेल्या शेतांत, ठरलेल्या वारी, ठरलेल्या संख्येने झाडे पाहून नोंद करणे हा त्याचा गाभा. त्यात कीड न आढळल्याची नोंदही तेवढ्याच काळजीने करावी लागते. विद्यार्थ्यांच्या मोबाइलमध्ये या नोंदीचाच अभाव असतो. कुणी निरोगी चुडाचे छायाचित्र काढत नाही, काढले तर गटावर पाठवीत नाही. शंभर छायाचित्रांत शंभर प्रादुर्भाव दिसतात आणि त्या संग्रहावर विसंबून अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला सारा जिल्हा किडीने ग्रासल्याचा भास होतो.

यावर उपाय साधा आहे. छायाचित्र स्वीकारताना त्यासोबत चार आकडे मागावेत: किती चुडे पाहिली, त्यांत तुडतुडे किती, मिरिड व कोळी किती, बांधीत पाणी किती. आकड्यांविना आलेले छायाचित्र प्राध्यापकांनी परत करावे. वीस चुडे फाकवून पाहायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही. ज्या विद्यार्थ्याने ते सलग आठ आठवडे केले, त्याला पाण्याचा निचरा तीन-चार दिवस केल्यावर संख्या कशी घसरते, नत्राची मात्रा जास्त झालेल्या बांधीत ती कशी चढते, ओळींमध्ये पट्टे सोडलेल्या शेतात हवा खेळती राहून काय फरक पडतो, हे कोणत्याही चित्रफितीवाचून समजते. त्यानंतर तीच चित्रफीत पाहिली तर ती अधिक समजते, हेही खरे.

कुणाचा मोबाइल, कुणाचा रिचार्ज

अखिल भारतीय कृषी शिक्षणाच्या रचनेत ऑनलाइन अभ्यासक्रमांना आता अधिकृत स्थान मिळाले आहे. जुलै २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ मंचावर कृषीचे पाठ्यक्रम उपलब्ध आहेत आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या सहाव्या अधिष्ठाता समितीने ऑनलाइन पाठ्यक्रम पदवीच्या चौकटीत आणले आहेत. म्हणजे मोबाइल हा यापुढे विद्यार्थ्याच्या हौसेचा भाग राहिलेला नाही. तो अभ्यासाचा अनिवार्य खर्च झाला आहे. तरीही शुल्काच्या पावतीत रिचार्जचा उल्लेख नसतो. महिनाअखेरीस डेटा संपलेला विद्यार्थी मित्राच्या हॉटस्पॉटवर व्याख्यान उतरवून घेतो. ज्याला असा मित्र नसतो तो परीक्षेच्या आदल्या दिवशी टिपणे शोधतो.

विद्यार्थिनींची अडचण याहून निराळी आहे. ‘असर’ च्या २०२३ च्या अहवालात ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटाची पाहणी आहे. त्यात स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के होते. या वयातील मुली दोन-चार वर्षांत महाविद्यालयात येतात, तेव्हा त्यांच्या हाती कित्येकदा पहिलाच स्वतंत्र फोन असतो आणि सुटीत घरी गेल्यावर तो घरातील सर्वांचा होतो. ‘रावे’च्या गावात काम करताना छायाचित्रे आणि आकडेवारीची जबाबदारी गटातील चांगला फोन असलेल्या मुलाकडे आपोआप जाते, मुली वहीत लिहितात. वहीतील नोंदी पुष्कळदा अधिक नेमक्या असतात, हा भाग वेगळा. गटाला महाविद्यालयाने एक सामाईक फोन दिला आणि तो आठवड्याआड हातोहात फिरला, तर हे असंतुलन थोडे तरी कमी होईल. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक सामाईक असतो. शेतात फोन सामाईक असण्यात अडचण नसावी. इंटरनेट नसलेल्या गावासाठी ‘बुलटू’चा मार्ग आहेच. प्राध्यापकांनी बोलीत ध्वनिमुद्रित केलेला सात-आठ मिनिटांचा पाठ गटातील एका फोनवरून सर्वांच्या फोनवर आणि तेथून शेतकऱ्यांच्या फोनवर विनाखर्च जाऊ शकतो.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही आणि ती महाविद्यालयांच्या हातची आहे. ‘रावे’चा हंगाम खरिपाचाच, नेमक्या याच महिन्यांत गादमाशी, खोडकिडा आणि तुडतुडे एकामागून एक येतात. प्रत्येक विद्यार्थी शेकडो छायाचित्रे घेतो. अहवाल सादर होतो, त्यात दहा-बारा छायाचित्रे जातात. उरलेली फोनची जागा भरली की पुसली जातात किंवा पदवीनंतर फोनसोबत नाहीशी होतात. त्यांत एखाद्या गावातील बंकीची पहिली नोंद असू शकते, एखाद्या बोलीनावाचा एकमेव पुरावा असू शकतो. कीटकशास्त्र विभागातील पेट्यांना किडींपासून जपण्यासाठी दर पावसाळ्यापूर्वी नॅप्थलीनच्या गोळ्या बदलाव्या लागतात आणि ते काम कुणाकडे आहे हे विभागात ठरलेले असते. विद्यार्थ्यांची छायाचित्रे गाव, दिनांक आणि आकड्यांसह उतरवून घेण्याचे कामही तसेच कुणाच्या तरी नावावर लावावे लागेल, आणि ते अहवाल सादर होण्यापूर्वी, गट गावातून परतण्याच्या आठवड्यातच उरकावे लागेल.